मागचं डावं चाक

५ सप्टेंबर १९५६, बुधवार. अल्लीपूर

पोळा झाला. सारं गाव बैलांच्या तोरणाखाली उभं होतं आणि मी गाडीखाली पाठीवर निजलो होतो. अंग अजून ठणकतं आहे.

झालं असं की परवा हिंगणघाटहून मिठाची पोती घेऊन येताना मागच्या डाव्या चाकात आवाज ऐकला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. लहानूला म्हटलं, थांबव. तो म्हणाला, काई नाई मालक, गोटा उडाला असन. मी म्हटलं, गोटा एकदा उडतो, हा चाकाबरोबर फिरून येतो. उतरून पाहिलं तर नट हातानं हलत होते. चाक काढलं. तबकडीला पाच भोकं, पाचही घासून लांबुळकी झालेली, आणि एका भोकापासून दुसऱ्याकडे केसासारखी चीर गेलेली. आणखी दोन-चार खेपा केल्या असत्या तर चाक आमच्या पुढे धावत गेलं असतं.

लहानूनं त्या चिरेवरून नख फिरवून पाहिलं. मग म्हणाला, तुमचे कान देवानं फुरसतीनं केले.

कानांचं खरं आहे. माझ्या बापाकडे बैल नव्हते. मी दुसऱ्याची दमणी हाकायचो, आणि मागे गादीवर बसून कापसाचे व्यापारी बोलायचे. गाडीवानालाही कान असतात हे त्यांच्या ध्यानीमनी नसे. कोणाची गाठ कुठे जाणार, भाव कधी पडणार, सगळं मी बैलांच्या शेपटांकडे पाहत ऐकून घेतलं. त्यातूनच पहिली गाडी झाली, मग चार झाल्या, आणि सहा वर्षांपूर्वी पुलगावच्या लिलावात लढाईतली ही अमेरिकन मोटार घेतली. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून पहिले काही दिवस पोरंटोरं पाहायला येत. गावात तिला सारे 'मिलिटरी'च म्हणतात.

बाकीची चाकं उभी धरून हातोडीनं वाजवली. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसंच. पुढची दोन खणखणीत. मागचं उजवं बद्द. म्हणजे दोन चाकं हवीत. तोवर मिलिटरी लाकडी ठोकळ्यांवर उभी.

९ सप्टेंबर, रविवार

चाकं शोधायला पुलगावला गेलो, भिजलो, रिकाम्या हातानं आलो. यंदा लिलाव नाही म्हणतात. सर्दीनं डोकं भरलं आहे. डावा कान तर कापूस कोंबल्यासारखा. भागीरथेनं लसूण कढवून तेल घातलं. ती तेल घालते तेव्हा एवढ्या जोरानं मान धरते, की जणू मी पळून जाणार आहे. या वयात पळून जाणार कुठे?

१३ सप्टेंबर, गुरुवार

सर्दी गेली. कानही ठीक आहे. मात्र घरात कुठेतरी रातकिडा शिरला आहे. रात्री ओरडला तर समजू, हा भर दुपारी ओरडतो. आज कपाट सरकवून पाहिलं. भागीरथा म्हणते, मले तं काई आयकू येत नाई. तिचे कान कधीच माझ्यासारखे नव्हते.

लहानू आला होता. ओसरीच्या खाली उभा राहून बराच वेळ गाडीचं बोलला, तेव्हाच मी ओळखलं की दुसरं काही आहे. दसऱ्याला त्यांच्या बाबासाहेबांचा नागपुरात मोठा कार्यक्रम आहे. त्यांच्या मोहल्ल्यातली सगळी माणसं धर्म बदलणार आहेत. तरणी माणसं रेल्वेनं, पायी, कशीही जातील. पण म्हातारी माणसं, पोटुशा बाया, असे वीसेक जण आहेत. त्याची माय धुरपता आहे, तिचे गुडघे तर धरलेलेच. मिलिटरी द्याल का? पेट्रोल आम्ही टाकू.

मी म्हटलं, चाकं मिळाली तर गाडी तुझीच. नाही मिळाली तर मी काय करू?

तो म्हणाला, चाकं पाहू आपण, मालक. आणि आणखी काहीतरी म्हणाला, ते तोंडातल्या तोंडात. हल्ली तो असा बोलतो.

संध्याकाळी बापूराव पाटील मुद्दाम आले. त्यांना बातमी माझ्याआधी लागली होती. पान खात म्हणाले, "रूपराव, तुले नाई म्हनाची बी गरज नाई. गाडी ठोकयावर हाये ना? राहू दे दसऱ्यापावतर." हसून म्हणाले, मीही हसलो. सल्ला वाईट नव्हता. ठोकळ्यावरच्या गाडीवर कोणी रागावत नाही.

पण लहानू माझ्याकडे सहा वर्षं आहे, आणि त्यानं आजवर माझ्याकडे गाडीची चावी सोडून काही मागितलेलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार. कारंजा

कोणीतरी सांगितलं की कारंज्याला अमरावती रस्त्यावर एका ढाब्यामागे आमच्यासारखी गाडी मोडून पडली आहे. वर्ध्यापर्यंत एक बस, पुढे दुसरी, तिसरी मिळेपर्यंत कंबरेचा काटा ढिला झाला. लहानू बरोबर आहे.

गाडी होती. रंग तोच, नाक तसंच. पण चाकाला भोकं सहा. पंक्चर काढणारा मंगरू नावाचा गोंड माणूस आहे, तो आमची तोंडं पाहून हसायला लागला. म्हणाला, लोक लांबून येतात, पोरगी पाहायला यावं तसे, आणि भोकं मोजून परत जातात. मग चहा पाजला. म्हणाला, पाचाची सहा करून देणारा एक लोहार आहे, पण त्यानं केलेलं चाक लावून तुम्ही घरी जाल की आणखी कुठे, ते मी सांगत नाही.

तरी खेप अगदी वाया गेली नाही. मंगरूनं घासलेटच्या डब्याचा पत्रा दिला. आमच्या तुटक्या चाकावर तो ठेवून पाच भोकांचा आणि मधल्या भोकाचा नमुना कापून घेतला. आता कुठलंही चाक असो, पत्रा ठेवायचा. बसला तर बसला.

परतीच्या बसमध्ये लहानू माझ्या डाव्या बाजूला बसला होता. आर्वी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी दोनदा मान वळवून पाहिलं तर ओठ हलत होते. मनाशीच बोलत असेल. त्या लोकांनी नवे मंत्र पाठ करायला घेतले आहेत म्हणे.

गंमत म्हणजे बसमध्येही रातकिडा. यंदा त्यांचं पीक जोरात आहे.

२५ सप्टेंबर, मंगळवार. नागपूर

हिरालालचं भंगाराचं आवार म्हणजे लढाई काल संपली आणि सगळं सामान इथे टाकून सैनिक जेवायला गेले असं वाटावं. शेजारी दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकणाऱ्यांची दुकानं. डोकं उठतं.

दर्शनी भागातच आमच्याच जातीच्या गाडीची चाकं रचलेली होती. नमुना ठेवला, पाचही भोकं बरोबर, मधलं बरोबर. लहानूचा चेहरा खुलला. पण भोकं जुळली म्हणून चाक चांगलं होत नाही. आतून चीर असली तर डोळ्यांना दिसत नाही, आवाजाला कळते. लहानूनं एकेक चाक उभं धरलं, मी हातोडीचा टोला दिला. पत्रेवाल्यांच्या गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून माझ्या जुन्या सवयीनं उजव्या कानात बोट घातलं आणि डावा कान चाकाशी नेला. बद्द. दुसरं बद्द. आठही चाकं वाजवली, आठही फुटक्या मडक्यासारखी.

लहानू म्हणाला, मले तं बराबर वाजल्यासारखे वाटले, मालक. मी म्हटलं, तुला भूक लागली आहे.

हिरालालला वाईट वाटलं. त्यानं मागच्या खोलीत नेलं. तिथे शांत होतं. दुसऱ्या कुठल्या तरी मोटारीची चाकं, रंगही ताजा. नमुना ठेवला, बरोबर बसला. टोला मारला आणि देवळातली घंटा वाजावी तसं चाक वाजलं. दुसरंही तसंच. मन प्रसन्न झालं.

एक फरक होता. आमच्या नटाचं तोंड निमुळतं असतं, ते चाकाच्या भोकाभोवतीच्या वाटीत जाऊन बसतं. या चाकांच्या वाट्या थोड्या उथळ वाटल्या. लहानूनं बोट फिरवून दाखवलं. मी म्हटलं, नट घट्ट बसल्याशी मतलब. पान्याला जोर लाव, वाटी आपोआप नटाचं ऐकेल.

दोन्ही चाकं घेतली. थकून गेलो आहे, पण काम झालं.

२७ सप्टेंबर, गुरुवार. अल्लीपूर

चाकं चढवली. हिंगणघाटपर्यंत जाऊन आलो. येताना सरकीची पोती होती. आवाजाचं नाव नाही. मिलिटरी इतकी गुपचूप मी कधीच ऐकली नव्हती. इंजिनसुद्धा मऊ झाल्यासारखं वाटलं.

लहानूला सांगितलं, मायला सांग गाडी पक्की.

१ ऑक्टोबर, सोमवार

लहानूचं काहीतरी बिनसलं आहे.

वर्ध्याहून येताना त्यानं तीन वेळा गाडी थांबवली आणि मागच्या चाकांचे नट आवळले. म्हणतो, आवाज येतो. मी शेजारी बसलो आहे, मला येत नाही. म्हटलं, डावीकडच्या नटांचे आटे उलटे आहेत, चाक पुढे फिरेल तसे ते उलट आवळतात. ढिले होतील कसे? तो म्हणतो, होऊन राह्यले. मी म्हटलं, तुझ्या डोक्यातलं चाक वाजतं आहे.

आणि दुसरी गोष्ट. आधी तोंडातल्या तोंडात बोलायचा, आता ओरडून बोलतो. चारचौघांत मला म्हणाला, "मालक! आयकून राह्यले का?" सरकी उतरवणारे हमाल पाहायला लागले. हे नवंच आहे. अजून धर्म बदलायचा आहे तर ही गत.

भागीरथेला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "तो बिचारा तुमच्यासाठी वरडते." माझ्यासाठी म्हणजे काय, ते विचारलं नाही. कंटाळा आला होता.

६ ऑक्टोबर, शनिवार

आज भांडण झालं. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

दसऱ्याची तालीम म्हणून वीस माणसांच्या वजनाची पोती भरली आणि नागपूर रस्त्यावरच्या जामपर्यंत जायचं ठरवलं. निम्म्या वाटेत लहानूनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट हातानं फिरवून दाखवले. मी म्हटलं, तू सकाळी नीट आवळले नसशील. तो म्हणाला, तुमीच पाना धरला होता.

ते खरं होतं. म्हणून मला जास्त राग आला. म्हटलं, मी बैलगाडीचा आस ऐकून सांगत होतो वंगण कुठे संपलं, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. चाकात आवाज नाही. तुला गाडी न्यायचीच नसेल तर तसं सांग.

तो गाडीला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला. ओरडला नाही.

"मालक, ह्या चाकाईवर मी माह्या मायले बसवनार नाई."

मी म्हटलं, नको बसवू. पायी ने.

त्यानं चावी बैठकीवर ठेवली. पोती होती म्हणून सोडून गेला नाही, पुन्हा चावी उचलून गाडी गावापर्यंत हळूहळू आणली, दोनदा थांबून नट आवळले, आणि मग चावी ओसरीवर ठेवून गेला. पहिल्यांदाच त्यानं ती माझ्या हातात दिली नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

बापूराव पाटील भेटले. त्यांना भांडणाची बातमी लागली आहे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बरं झालं, तुझ्यावर काही आलं नाही. त्यांच्या बोलण्यात एवढा आनंद होता की मला तो आवडला नाही. वाईट काही केलेलं नसताना त्यांनी शाबासकी दिली, की माणसाला घरी येऊन हातपाय धुवावेसे वाटतात.

संध्याकाळी धुरपता आली. काठी टेकत, एवढ्या लांब. ओसरीच्या खाली बसली. मला वाटलं, पोराची रदबदली करायला आली. तर म्हणाली, पोरगं घरी जेवत नाही, तुमच्याकडे काही बोलाचाली झाली का? लहानूनं तिला काही सांगितलेलंच नाही. तिला वाटतं, ती मिलिटरीत बसून जाणार. पांढरं लुगडं धुवून ठेवलं आहे, ते सांगत होती. मी हो हो म्हणत राहिलो.

ती गेल्यावर भागीरथा म्हणाली, तुम्ही तिला काय हो म्हटलं ते माहीत आहे का? मी म्हटलं, लुगडं धुतलं म्हणाली. ती म्हणाली, "ते आधी. मंग तिनं इचारलं, चाकं चांगले हायेत ना? तुमी हो म्हनलं."

हे मी ऐकलं नव्हतं. धुरपता बोलताना खांबाच्या डाव्या बाजूला होती. म्हातारी माणसं हळू बोलतात.

८ ऑक्टोबर, सोमवार

आज पुरता निकाल लावायचा ठरवलं. लहानू येत नाही, म्हणून भागीरथेला बोलावलं. जॅक लावून मागचं डावं चाक उचललं. भागीरथेला म्हटलं, तू दोन्ही हातांनी चाक धरून पुढे-मागे झोल दे, मी ऐकतो. तिनं पदर खोचला. बाई माणसाला मोटारीचं चाक हलवताना पाहून समोरच्या घरातली मंडळी बाहेर आली.

मेकॅनिक लोक इंजिन ऐकायला लोखंडी सळई लावतात, एक टोक यंत्राला, एक कानाला. तशी सळई हबवर टेकवली, दुसरं टोक डाव्या कानाला. उजव्या कानात बोट घातलं. भागीरथा चाक हलवते आहे. मी ऐकतो आहे. काही नाही. रातकिडा तेवढा ओरडतो आहे.

मी म्हटलं, पाहिलं? काही नाही.

तिनं चाक सोडलं. माझ्यापाशी आली. माझ्या उजव्या कानातलं बोट काढलं, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून फिरवलं, तेल घालताना धरते तसंच घट्ट, आणि सळई उजव्या कानाला लावली. मग जाऊन पुन्हा चाक हलवलं.

टक्.

टक्.

पुढचं काही लिहवत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

त्या सर्दीपासून भागीरथेला माहीत होतं. म्हणाली, तुमचे कान म्हणजे तुमचं सारं. कसं सांगू? वाटलं, आपोआप उघडेल.

कपाट पुन्हा जागेवर सरकवलं. रातकिडा नव्हताच.

हिरालालची ती आठ चाकं. आठही चांगली असणार.

११ ऑक्टोबर, गुरुवार. नागपूर

काल सकाळी लहानूच्या घरी गेलो. मोहल्ल्यात मी याआधी दारापर्यंत गेलेलो नव्हतो, माणूस पाठवून बोलावत असे. तो बाहेर आला. मी म्हटलं, हिरालालकडे जायचं आहे, चाकं बदलून आणायला. तो म्हणाला, दर्शनी रचलेली घेऊ, ती मिलिटरीची? मी म्हटलं, हो. त्यानं कारण विचारलं नाही. टोपी घातली आणि निघाला. वाटेत सारखा माझ्या उजवीकडूनच चालत होता. त्यालाही माहीत आहे तर. सगळ्या गावाला माहीत असेल. मीच शेवटचा.

हिरालाल कुरकुरला. त्याच्या दुकानातून गेलेलं लोखंड परत येणं त्याला अपशकुनासारखं वाटतं. पण बदलून द्यायला तयार झाला.

या खेपेला चाक मी धरलं आणि टोला लहानूनं मारला. मी कान नेला नाही. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चांगलं वाजलं की त्याची डावी भुवई जराशी वर जाते, हे सहा वर्षांत मला ठाऊक नव्हतं. आठांपैकी सहांना भुवई वर गेली. त्यातली दोन निवडली, मग नट घालून पाहिला. निमुळतं तोंड वाटीत पार आत जाऊन बसलं. पत्र्याच्या नमुन्यात हेच नव्हतं. पत्र्याला भोक असतं, खोली नसते.

नागपुरात पाय ठेवायला जागा नाही. गाड्या भरून माणसं येत आहेत. चाकं खांद्यावर घेऊन आम्ही उलट दिशेनं स्टेशनात शिरलो तर एक म्हातारा लहानूला म्हणाला, अरे, सगळे इकडे येऊन राह्यले, तू चाक घेऊन कुठं चालला? लहानू म्हणाला, "मायले आनायले."

१४ ऑक्टोबर, रविवार. नागपूर, दसरा

मिलिटरीच्या बैठकीवर बसून लिहितो आहे. गाडी मैदानापासून बरीच अलीकडे एका निंबाखाली लावली आहे. सगळे तिकडे गेले आहेत. गाडी राखायला कोणीतरी हवं होतं. लहानू राहतो म्हणाला. मी म्हटलं, तू जा, राखायला कान लागत नाहीत.

काल निघतानाची गोष्ट लिहायची राहिली.

हौद्यात गवत घालून वर ताडपत्री अंथरली होती. माणसं चढली. मी रोजच्यासारखा पुढे माझ्या जागेवर बसायला गेलो, आणि लक्षात आलं की तिथे बसून उपयोग नाही. चालवणारा डावीकडे, वाईट कान डावीकडे, आणि ज्या चाकाची काळजी तेही डावीकडे. नवी चाकं, पहिलीच लांब खेप, ऐकायला तर हवं. हौद्यात इंजिनाकडे पाठ करून उजव्या कोपऱ्यात बसलं, की चांगला कान बरोबर त्या चाकाकडे येतो. म्हणून मी मागे चढलो. पुढची जागा रिकामी ठेवून काय करायचं? धुरपताला तिथे बसवलं. तिच्या गुडघ्यांनाही तेच बरं.

गावातून निघालो तेव्हा लोक दारात उभे होते. पुढे पांढरं लुगडं नेसून म्हातारी, मागे गवतावर मी, तेही उलटं तोंड करून. बापूराव पाटील आपल्या ओट्यावर होते. मी हात जोडले. त्यांनी पान थुंकलं आणि आत गेले. चाक ऐकण्यासाठी बसलो होतो हे त्यांना सांगायला थांबलो असतो, पण लहानूनं गाडी थांबवली नाही.

हिंगणघाट सोडल्यावर हौद्यातल्या बायांनी गाणं सुरू केलं. माझ्या उजव्या कानाशीच एक बाई बसली होती, तिचा आवाज असा की चाक निखळून पडलं असतं तरी मला कळलं नसतं. जामला लहानूनं गाडी थांबवून मागे येऊन विचारलं, आवाज येते का? मी म्हटलं, नाही. बुटीबोरीला पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणणार होतो. मग म्हटलं, "लहानू, ह्या गान्यात मले काईच आयकू येत नाई. अन् तसंही डावा कान गेला. तूच आयक."

तो म्हणाला, "आयकूनच राह्यलो, मालक. चाक चूप हाये. तुमी गानं आयका."

त्यानंतर मी पाय लांब केले. पुष्कळ दिवसांनी बसल्या जागी झोप लागली.

आता मैदानाकडून आवाज येतो आहे. एवढी माणसं एकदम बोलत आहेत, की एका कानालाही पुरे होतं. काय म्हणत आहेत ते इतक्या लांबून समजत नाही. एक जण काही म्हणतो, मग सगळे म्हणतात, मग शांत. पुन्हा तसंच. घरी भागीरथा आपट्याची पानं घेऊन बसली असेल. दरवर्षी लहानू सोनं द्यायला येतो, ओसरीच्या खाली उभा राहतो. यंदा येणार नाही, आणि पुढच्या वर्षी येईल की नाही तेही सांगता येत नाही. मघाशी उतरून नट पाहिले. पाचही घट्ट.

वही मिटणार होतो, तेवढ्यात माणसं परतायला लागली. सगळ्यांच्या पुढे धुरपताबाई, एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून. डावीकडूनच येत होत्या. दाराशी आल्या, मला लिहिताना पाहून थांबल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्या गाडीला वळसा घालून माझ्या उजवीकडे आल्या. मग बोलल्या.

"रूपरावभाऊ, सकायपासून काई खाल्लं का?"

आजवर त्या मला मालक म्हणत. 'रूपरावभाऊ' हे मी बरोबरच ऐकलं असावं. हल्ली खात्री देता येत नाही. मी खाल्लं नाही म्हणून सांगितलं.

त्यांनी भाकरीची पुरचुंडी सोडली आहे. बाकीचं उद्या.